घोंगडे भिजत का पडते?



तालुक्याच्या कचेरीत अर्धा दिवस बसलात, तर एक वाक्य हमखास कानावर पडेल : “त्या प्रकरणाचं घोंगडं भिजत पडलंय.” कुणाच्या रस्त्याचे घोंगडे, कुणाच्या वाटणीचे, कुणाच्या मोजणीचे. वर्तमानपत्रातही आठवड्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या धरणाचे किंवा पुलाचे घोंगडे भिजतच असते. पण घरातल्या तरुण पोराला सांगा, “बाळा, घोंगडी आण रे आतून.” पुष्कळ घरांत तो मोकळ्या हाताने परत येईल. शब्द कचेरीत चढला आणि वस्तू घरातून उतरली, अशी ही गत आहे.

घोंगडे हा नुसता पांघरायचा कपडा नाही. आपल्या भाषेत त्याला निदान पाच-सहा अर्थ आहेत आणि प्रत्येक अर्थ लोकरीच्या अंगच्या गुणातून आलेला आहे. ते अर्थ नीट पाहिले, तर शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहाराला उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

शब्द किती जुना?

घोंगड्याचा थोरला भाऊ म्हणजे कांबळे. हा शब्द संस्कृतातल्या ‘कंबल’ या शब्दापासून आला. कंबल अथर्ववेदात आढळतो, तोही विवाहाच्या सूक्तात. म्हणजे लग्नकार्यात लोकरीचे वस्त्र होते, ही गोष्ट काही हजार वर्षांची आहे. गौतम बुद्धांच्या काळात अजित केशकंबली नावाचा एक विचारवंत होऊन गेला. केसांचे कांबळे पांघरणारा म्हणून त्याचे नाव तसे पडले.

पाणिनीच्या व्याकरणात ‘कंबल्य’ असा एक शब्द सिद्ध केला आहे. कांबळ्याला लागणारी लोकर असा त्याचा अर्थ. पुढच्या टीकाकारांनी त्याचे माप शंभर पळे लोकर असे सांगितले. म्हणजे वस्त्राच्या नावावरून वजनाचे माप तयार झाले. आपण नाही का ‘पोतेभर ज्वारी’ म्हणत? पोते हे आधी भांडे आणि मग माप. तसेच हे.

गाईबैलाच्या गळ्याखाली जी पोळी लोंबते, तिलाही गळकंबळ असे नाव आहे. गळ्यातले कांबळे! देवणी किंवा लाल कंधारी बैल उभा राहिला आणि त्याची पोळी हलू लागली, की हे नाव ठेवणाऱ्याची नजर किती बारीक होती हे कळते. पुढे इंग्रजांनीही हा शब्द उचलला. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलीचा जो कोश १८८६ साली निघाला, त्यात ‘कंबली’ हा शब्द जाड्याभरड्या लोकरी पांघरुणासाठी नोंदलेला आहे.

मराठीत मात्र कांबळ्याच्या जोडीला घोंगडे आले आणि जास्त रुळले. लहान ती घोंगडी, मोठे ते घोंगडे. सोवळ्यात नेसायची ती धाबळी. न विणता, लोकरीचे थर पाण्याने भिजवून, दाबून आणि लाटून जी जाड बैठक करतात तिला जेन म्हणतात. सुताची ती पासोडी, तिचा लोकरीशी संबंध नाही. इतकी वेगवेगळी नावे आहेत, म्हणजे वापरणाऱ्यांना त्यांतला फरक ठाऊक होता.

एका घोंगड्यामागे किती मेंढ्या?

आपल्याकडची मेंढी म्हणजे दख्खनी मेंढी. रंगाने बहुधा काळी किंवा काळी-पांढरी, काटक, दूरवर चालणारी, कमी चाऱ्यावर तग धरणारी. तिची लोकर भरड असते. वर्षातून दोनदा कातरणी होते आणि दोन्ही मिळून एका मेंढीची साधारण अर्धा किलो लोकर निघते. मध्यम घोंगडे दोन-अडीच किलोचे धरले, तर एका घोंगड्यात चार-पाच मेंढ्यांची वर्षभराची लोकर जाते. पिंजताना आणि निवडताना जी तूट येते ती वेगळीच.

कातरलेली लोकर निवडायची, पिंजायची, चरख्यावर तिचे सूत काढायचे, ताणा पसरायचा. मग त्याला चिंचोक्याची खळ लावायची. चिंचोके भाजून, फोडून, दळून, शिजवून केलेली ही खळ कुंच्याने ताण्यावर सारखी पसरतात, म्हणजे भरड सूत मागावर तुटत नाही. त्यानंतर खड्ड्याच्या मागावर विणकाम. मागावरून उतरलेल्या नगाला सणंग म्हणतात. विणणारे सनगर, किंवा खुटेकर धनगर. खुटेकर हे नाव ताण्याच्या खुंट्यावरून पडले असे सांगतात. हटकरांनी मेंढरे राखायची आणि खुटेकरांनी लोकर विणायची, अशी कामाची वाटणी अनेक भागांत होती.

कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात. आपल्या लेकराचे पहिले केस तेही जावळच! कोकराच्या जावळाची घोंगडी मऊ असते, टोचत नाही आणि तिला किंमतही जास्त येते. माणसाच्या आणि मेंढीच्या बाळाला एकच शब्द लावणारी आपली भाषा मेंढरांच्या किती जवळ वाढली, हे यावरून समजावे.

पांघरायचे, अंथरायचे आणि मानाचे

घोंगड्याचा पहिला अर्थ निवारा. पावसाळ्यात त्याच्या दोन कडा जुळवून खोळ करायची आणि डोक्यावरून घ्यायची. भरड लोकरीवरून सरींचे पाणी बराच वेळ ओघळून जाते. शिवाय वारा लागत नाही. थंडीत ज्वारीच्या राखणीला, रात्रीच्या पाण्याच्या पाळीला हेच घोंगडे उपयोगी पडे. शेकोटीजवळ बसताना त्याची भीती कमी असते, कारण लोकर सुती किंवा नायलॉनच्या कापडासारखी भडकन पेटत नाही. ठिणगी पडली तर जळक्या केसांचा वास येतो, भोक पडते आणि बहुधा तिथेच विझते. तरी विस्तवापासून जपावे हे बरे.

दुसरा अर्थ बैठक. पाहुणा आला की आधी घोंगडी अंथरायची आणि मग पाण्याचा तांब्या द्यायचा. तंट्याचा निवाडा करायला पंच बसत ते घोंगडीवर. निवडणुकीच्या दिवसांत पारावर किंवा वस्तीवर जी छोटी सभा होते, तिला आजही ‘घोंगडी बैठक’ म्हणतात. तिथे आता सतरंजी असते, नाहीतर प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. पण नाव घोंगडीचेच राहिले. घोंगडीवर बसणारे सगळे एका पातळीवर बसतात, कोणी उंच नाही आणि कोणी खाली नाही. हा अर्थ त्या नावात अजून शिल्लक आहे.

तिसरा अर्थ पावित्र्याचा. लोकरीला विटाळ नाही असे जुने लोक मानत. म्हणून पोथीच्या पारायणाला घोंगडीचे आसन आणि सोवळ्याच्या स्वयंपाकाला धाबळी. संतांनी विठ्ठलाला गोपाळाच्या वेषात, हातात काठी आणि खांद्यावर कांबळे असे पाहिले. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे नाते गवळी-धनगरांच्या देवांशी कसे जुळते ते सविस्तर मांडले आहे. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. जिच्यावर पोट चालते, तीच वस्तू देवाला वाहायची, हा साधा हिशेब त्यामागे आहे.

भिजणे, गुंतणे, गळ्यात पडणे

आता कचेरीतल्या अर्थाकडे वळू. घोंगडे भिजत पडणे, घोंगडे गुंतणे आणि नसते घोंगडे गळ्यात पडणे, असे तीन वाक्प्रचार आपल्याकडे चालतात. तिन्ही अडचणीचे आहेत. इतक्या उपयोगी वस्तूच्या वाट्याला अडचणीचे अर्थ का यावेत?

याचे उत्तर लोकरीच्या धाग्यात आहे. लोकरीला ओल फार प्रिय. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी ओल ती हवेतून शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. उलट ओल शोषताना तिच्यातून थोडी ऊबही बाहेर पडते. त्यामुळे पहिल्या सरींत घोंगडे फार चांगले वाटते. पण पाऊस लागून राहिला आणि धाग्याधाग्यांत पाणी शिरले, म्हणजे मात्र ते जड होऊ लागते. भिजणे हळूहळू होते आणि पांघरणाऱ्याच्या लक्षात उशिरा येते.

एकदा पुरते भिजले, की त्याचे काही करता येत नाही. पिळायला जावे तर एका माणसाच्या हातात मावत नाही. जोराने चोळावे, आपटावे तर लोकर एकमेकींत गुंतून कापड आटते. घडी घालून ठेवावे तर कुबट वास सुटतो. पांघरावे तर ओझे होते. आणि पावसाळ्यात वाळवायला ऊन नाही. मग काय करायचे? कोपऱ्यात टाकायचे आणि “उघडीप पडली की बघू” म्हणायचे. उघडीप पडेपर्यंत कोपऱ्यातले घोंगडे कुणी उचलत नाही. माझ्या समजुतीने ‘भिजत घोंगडे’ या शब्दाचा खरा अर्थ हाच आहे. काम नुसते राहिले म्हणजे घोंगडे भिजले असे नाही. जे काम वेळेवर हलके होते आणि टाळल्यामुळे उचलेनासे जड झाले, ते भिजलेले घोंगडे.

घोंगडे गुंतणे हे बाभळीच्या काट्यात घोंगडे अडकावे तसे. भरड लोकर काट्याला अशी धरते, की ओढले तर फाटते आणि सोडले तर जाते. एखाद्याचा जीव किंवा पैसा एखाद्या प्रकरणात अडकला, की त्याचे घोंगडे गुंतले म्हणतात. आणि ‘गळ्यात पडलेले घोंगडे’ म्हणजे दुसऱ्याचे ओझे आपल्या मानेवर. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहणाऱ्यांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

लोकर आहे, गिऱ्हाईक नाही

आमच्या घनसावंगी तालुक्यात खरीप निघाला, की मेंढपाळांचे वाडे गोदाकाठाकडे उतरू लागतात. कापूस वेचून झालेली रानं, तुरीचे फड, उसाची तुटलेली शेतं अशा ठिकाणी मेंढरे बसवतात. मेंढ्यांच्या लेंड्यांत आणि मुतात नत्र भरपूर असते, पालाशही मिळतो आणि खत वाहून नेण्याचा खर्च वाचतो. शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. हा व्यवहार अजून चालू आहे. लोकरीचा व्यवहार मात्र बसला.

एका वाड्यावर थांबलो असता कातरलेली काळी लोकर बांधालगत पडलेली दिसली. वाड्यावरच्या वडीलधाऱ्या बाबांना मी विचारले, “बाबा, ही विकत का नाही?”

ते म्हणाले, “सायेब, कातरणाऱ्याची मजुरी मपल्या खिशातून जातीया. लोकर न्यायला कुणी येत न्हाई. न कातरावी तर मेंढराला उवा-गोचीड व्हत्यात. मंग काय करावं?”

ही एका वाड्याची गोष्ट नाही. पानिपतकडची जुन्या कपड्यांच्या धाग्यापासून केलेली स्वस्त ब्लँकेटे बाजारात आली. ॲक्रिलिकच्या रंगीत रजया आल्या. भरड लोकरीची मागणी घटली. दुसऱ्या बाजूने मटणाचा भाव वाढला, तेव्हा मेंढपाळांनी माडग्याळ, नेल्लोरी अशा उंच, लवकर वजन धरणाऱ्या आणि कमी लोकरीच्या जातींचे मेंढे कळपात सोडले. त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. पोट मटणावर चालत असेल, तर लोकरीसाठी कोण मेंढी पाळील? २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. मेंढ्या आहेत, पण विणणारा हात आणि विकत घेणारे घर दोन्ही कमी झाले.

राजस्थानात अविकानगर येथे १९६२ पासून केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. आपल्या राज्यात पुण्याला १९७८ साली मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव मिळाले. मेंढीच्या जाती आणि लोकरीविषयीचे ज्ञान तिथे आहे. पण घोंगडे टिकायचे असेल, तर ते घरात वापरले जायला हवे. हे काम कोणतीही संस्था आपल्यासाठी करू शकणार नाही.

आपल्याला काय करता येईल?

१) घरात एक तरी घोंगडी असू द्या. यात्रेत किंवा विणकराकडे घेताना बोटांत धरून ताणून पाहा आणि वास घ्या. एक धागा काढून विस्तवाला लावा. खरी लोकर असेल तर जळक्या केसाचा वास येईल आणि राख बोटाने चुरगळेल. धागा वितळून त्याचा टणक मणी झाला, तर त्यात कृत्रिम धागा आहे असे समजा. नवी घोंगडी टोचते, वापराने नरम पडते.

२) घोंगडी वारंवार धुवू नका. काठीने झटका आणि उन्हात टाका. धुवायचीच झाली तर उन्हाळ्यात, गार पाण्यात, रिठ्याच्या फेसाने, न चोळता धुवा. पिळू नका. दगडावर पसरून पाणी निथळू द्या. ठेवताना पूर्ण वाळलेली असावी आणि घडीत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा, कारण लोकरीला कसर लागते. महिन्या-दोन महिन्यांनी ऊन दाखवले तर कसर टिकत नाही.

३) मेंढपाळ बांधवांनी कातरणीच्या आधी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुऊन घ्याव्यात आणि अंग पूर्ण वाळल्यावर कातरावे. काळी, पांढरी आणि जावळाची लोकर वेगळी ठेवावी. गोखरू आणि काटे भरलेली लोकर चांगल्या लोकरीत मिसळू नये. मिसळलेल्या मालाला भाव मिळत नाही, हे कापसाइतकेच लोकरीलाही लागू आहे.

४) विकली न जाणारी लोकर बांधावर फेकू नका, जाळू तर मुळीच नका. स्वच्छ लोकरीत नत्राचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास आणि गंधक तीन-चार टक्के असते. न धुतलेल्या लोकरीला चिकटलेल्या घामातून पालाशही मिळतो. मात्र लोकर फार सावकाश कुजते, म्हणून तिच्यावर लगेच पीक येईल अशी अपेक्षा ठेवू नये. मोसंबीच्या आळ्यात, खोडापासून दूर, कुजलेल्या शेणखतात मिसळून मातीआड करावी. ती ओल धरून ठेवते. आधी चार झाडांना करून पाहा, फरक दिसला तर पुढे वाढवा.

५) शेवटचे आणि महत्त्वाचे : घरातली भिजत पडलेली घोंगडी उचला. आमच्या कामात रोज दिसणारी गोष्ट सांगतो. वडील वारतात, दिवस-पाणी होते, पाहुणे जातात आणि वारसाची नोंद राहून जाते. “भाऊ आहोत, कुठं पळून चाललोय?” असे म्हणत वर्ष जाते, मग पाच वर्षे जातात. तोवर एक भाऊ वारतो, बहिणींची मुले मोठी होतात, कोणी पुण्याला असतो, कोणी गुजरातेत. ज्या कामाला दोन कागद लागले असते, त्याला आता वीस सह्या लागतात. त्यातली एक सही मिळत नाही. पुढे पीककर्ज, विमा, अनुदान, काहीही आले की सातबारावर अजून मयताचेच नाव! पहिल्या सरीला हलके होते तेच हे घोंगडे.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायची असते. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची खरी नावे, त्यात लेकींचीही, देऊन अर्ज करा आणि पोच घ्या. हरकतीची मुदत संपून फेरफार मंजूर झाला का, हे स्वतः जाऊन पाहा. सगळे एकमताचे असतील तोवर वाटपाचा अर्जही कलम ८५ खाली तहसीलदारांकडे करता येतो. भांडण झाल्यावर मात्र ते घोंगडे कोर्टात जाते, आणि तिथला पावसाळा लांबलचक असतो.

जुन्या लोकांचा रिवाज असा होता, की रानातून आल्यावर घोंगडे आधी झटकायचे, वलणीवर पसरायचे आणि मगच हातपाय धुऊन जेवायला बसायचे. कितीही दमलेले असोत, तेवढे चुकत नसे. घोंगडे ओले असले तरी तोवर ते एकट्या माणसाला उचलता येते. या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी एका बैठकीला बसावे, शक्य असेल तर घोंगडीवरच, आणि आपल्या घरातले कोणते काम कोपऱ्यात पडून जड होत चालले आहे, त्याची यादी करावी. त्यातले सर्वांत हलके काम सोमवारी सकाळी उचलावे.